जेनेरिक औषध देताना हात कुठे थांबवायचा: काउंटरवरच्या नवख्यांसाठी

काउंटरमागे उभं राहायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. एक आजी आल्या, पावलं सुजलेली, मधूनमधून चक्कर. पिशवीतून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप काढल्या. एक निळी, एक पांढरी, नावं पूर्ण वेगळी. बारीक अक्षरातला मजकूर वाचला तर दोन्हींत अम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. "जुनी संपायच्या आत ही नवी मिळाली. दोन्ही रक्तदाबाच्याच म्हणाले, म्हणून दोन्ही घेते."

डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. गोळ्या दोन्ही चांगल्या होत्या. राहून गेलं होतं ते एकच वाक्य: "आजी, ही तीच गोळी आहे, फक्त वेगळ्या कंपनीची. जुनी संपल्यावर सुरू करा."

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे की जेनेरिक औषधांबद्दल जी भीती लोकांच्या मनात असते ती चुकीच्या जागी असते. गोळीपेक्षा ती हातातून हातात जाते तो क्षण जास्त धोक्याचा. हा लेख त्या क्षणाची तयारी कशी करायची याबद्दल आहे. पर्यायी औषध देण्याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे असतात, ते आपापले माहीत करून घ्याच. खाली लिहिलेलं काम मात्र कुठल्याही काउंटरवर सारखंच असतं.

आधी हाताशी काय हवं

- अद्ययावत औषधसंदर्भ, पुस्तक किंवा अ‍ॅप. आठवणीवर विसंबू नका.
- गोळ्या मोजायचा ट्रे आणि चमचा. हाताने गोळ्या मोजायच्या नाहीत.
- तोंडावाटे औषध देण्याच्या सिरिंज, ५ मिलीचे मापाचे चमचे.
- भिंग. हसू नका, स्ट्रिपवरची एक्सपायरी वाचताना रोज लागतं.
- फ्रिजमध्ये कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर.
- छापील लेबलं, आणि हाताने लिहायचीच असतील तर न पुसणारं पेन.
- पेशंटची नोंद: अ‍ॅलर्जी, चालू औषधं, लहान मुलांचं वजन.
- पुरवठादाराची बिलं, बॅच नंबरसकट.
- एक साधी वही. तिचं काम शेवटी सांगते.

१. जेनेरिक म्हणजे काय, हे आधी स्वतःला पटवा

तुम्हालाच आतून शंका असेल तर ती तुमच्या आवाजात उतरते आणि पेशंटला लगेच कळते. म्हणून इथे थोडा वेळ द्या.

जेनेरिकमध्ये औषधी घटक तोच, मात्रा तीच, रूप तेच (गोळीला गोळी, कॅप्सूलला कॅप्सूल) आणि घेण्याचा मार्गही तोच. रंग, आकार, चव आणि गोळी बांधायला वापरलेले निष्क्रिय पदार्थ वेगळे असू शकतात. स्वस्त का, तर मूळ औषध शोधण्याचा आणि त्याच्या मोठ्या चाचण्यांचा खर्च या कंपनीला पुन्हा करावा लागत नाही, आणि पेटंट संपल्यावर तेच औषध बनवणाऱ्या अनेक कंपन्यांत स्पर्धा लागते. अमेरिकेत १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने या वाटेला पक्कं रूप दिलं: सगळ्या चाचण्या परत नकोत, पण तुमची गोळी मूळ गोळीसारखीच शरीरात पोचते हे सिद्ध करा.

त्यासाठीची चाचणी म्हणजे जैवसमतुल्यता. स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात, ठरावीक अंतराने रक्त घेतात, आणि रक्तातली पातळी जास्तीत जास्त कुठवर गेली व एकूण किती औषध शरीराला मिळालं ते बघतात. दोन्ही गोळ्यांच्या गुणोत्तराचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता तो पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो.

या आकड्यांवरून "जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असतं" अशी अफवा निघाली. मीही ती वर्गात ऐकली आहे. तसं नाही. ही मर्यादा गोळीतल्या औषधाच्या वजनाची नाही, आणि सरासरीलाच नव्हे तर तिच्या दोन्ही बाजूंच्या अनिश्चिततेसकट अख्ख्या पट्ट्याला आत बसायचं असतं. सरासरी वीस टक्के खाली असेल तर पट्ट्याचं खालचं टोक ८० च्या बाहेर पडतंच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधनियामक संस्थेने, १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा शरीराला मिळालेल्या एकूण औषधातला सरासरी फरक साधारण साडेतीन टक्के निघाला.

पण आंधळी भक्तीही नको. २०१२ मध्ये याच एफडीएने बुप्रोपियॉन या नैराश्यावरच्या औषधाच्या ३०० मिलिग्रॅमच्या, हळूहळू विरघळणाऱ्या एका जेनेरिक गोळीची मान्यता काढून घेतली. मंजुरी देताना १५० मिलिग्रॅमच्या गोळीची चाचणी गृहीत धरली होती. ३०० ची प्रत्यक्ष तपासल्यावर ती समतुल्य निघाली नाही. म्हणून पेशंट म्हणाला, "ही गोळी बदलल्यापासून बरं वाटत नाही," तर त्याला वेड्यात काढू नका. लिहून घ्या, डॉक्टरांना कळवा, औषधाच्या दुष्परिणामांची नोंद जिथे करतात तिथे करा. बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. ते तपासल्याशिवाय कळत नाही.

२. रॅक आणि डोकं, दोन्ही मूळ नावावर लावा

नवखा माणूस ब्रँड पाठ करतो, कारण चिठ्ठ्यांवर तेच जास्त दिसतात. ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. ब्रँड हजारो, मूळ नावं त्या मानाने थोडी. शिवाय ब्रँडवर भरवसा ठेवता येत नाही: फ्लोमॅक्स हे नाव अमेरिकेत प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनचं, तर इटलीत त्याच नावाने सूज-वेदनेचं औषध मिळायचं. डिलाकोर अमेरिकेत डिल्टियाझेम आणि सर्बियात डिगॉक्सिन. परदेशातून आलेली रिकामी स्ट्रिप कोणी दाखवली तर नावावरून नाही, घटकावरून औषध शोधा.

जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय मूळ नावांची पहिली यादी १९५३ मध्ये काढली. या नावांच्या शेपट्या शिकून घ्या, फार उपयोगी पडतात. शेवटी "ओलॉल" आलं की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं), "प्रिल" आणि "सार्टन" रक्तदाबाचे दोन गट, "स्टॅटिन" कोलेस्टेरॉलचं, "प्राझोल" बहुधा आम्लपित्ताचं. एकाच चिठ्ठीत दोन "प्रिल" दिसले, किंवा एक "प्रिल" आणि एक "सार्टन", की हात थांबला पाहिजे. ब्रँडच्या नावांत हे कधीच दिसणार नाही.

काही औषधांना दोन मूळ नावं असतात, तेवढी पाठ करा: पॅरासिटामॉल म्हणजेच असिटामिनोफेन, साल्बुटामॉल म्हणजे आल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, ग्लायबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड.

३. चिठ्ठी वाचा, ओळखू नका

ओळखीची चिठ्ठी दिसली की डोळा पुढे पळतो. नाव, वय, तारीख, औषध, मात्रा, रूप, किती वेळा, किती दिवस, याच क्रमाने बघा. आणि पेशंटला नाव सांगायला लावा. "तुम्हीच का अमुक?" असं विचारलं तर ऐकू न आलेला माणूसही मान हलवतो.

सापळे कुठे आहेत ते सांगते.

दशांश चिन्ह. "१.०" मधला टिंब पुसट असेल तर ते १० होतं, आणि ".५" चं ५. स्वतः लिहिताना "१" आणि "०.५" असंच लिहा.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. हजारपटीचा फरक. थायरॉक्सिन आणि डिगॉक्सिनच्या वेळी एकक मोठ्याने वाचा.

लघुरूपं. "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर तेच उजवा डोळाही असू शकतं. इन्सुलिनच्या आकड्यापुढचा "यू" अनेकदा शून्य म्हणून वाचला गेला आहे, आणि १० युनिटचे १०० झाले आहेत.

मेथोट्रेक्सेट. याला मी वेगळी ओळ देतेच. संधिवात आणि सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जगभर माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर "रोज" दिसलं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय स्ट्रिपला हात लावायचा नाही. लेबलवर वाराचं पूर्ण नाव लिहायचं, "सो." म्हणजे सोमवार की सोबत, असली कोडी नकोत. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं, तेही पुष्कळदा पिवळं, त्यामुळे दोन्ही गोळ्या पेशंटसमोर शेजारी ठेवून दाखवा.

अक्षर लागत नसेल तर अंदाज नाही, फोन. डॉक्टर एखाद्या वेळी वैतागतील. त्याची सवय होते. फोनवर सांगितलेलं परत वाचून दाखवा आणि नोंद ठेवा.

४. बदली द्यायची का, हे ठरवा

साध्या गोळ्या-कॅप्सूलच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर "हो" असतं: घटक, मात्रा, रूप जुळलं, कायदा परवानगी देतो आणि पेशंटला सांगितलं, झालं. खालच्या चार ठिकाणी मात्र थांबा.

अरुंद पट्ट्याची औषधं. वॉरफॅरिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लिथियम, डिगॉक्सिन, थायरॉक्सिन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन. यांच्यात उपयोगी पातळी आणि घातक पातळी अगदी जवळजवळ असतात. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइनच्या पेशंटांमध्ये विषबाधेची लक्षणं दिसू लागली. औषध तेच, मिलिग्रॅम तेच. कॅप्सूलमधला भरणीचा पदार्थ कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केला होता, तेवढ्याने रक्तातली पातळी चढली. आजचे समतुल्यतेचे नियम तेव्हा नव्हते. तरी धडा जुना झालेला नाही: ज्या कंपनीच्या गोळीवर पेशंट स्थिर आहे तीच चालू ठेवा, आणि बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून रक्ततपासणीची आठवण करून द्या. दर महिन्याला हाताला येईल ती कंपनी, हे या औषधांना चालत नाही.

हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, ईआर असली अक्षरं असतात आणि ती नजरेतून निसटतात. मेटफॉर्मिन साधी आणि मेटफॉर्मिन एसआर या एकमेकींच्या बदली नाहीत. अशी गोळी कुटून किंवा चावून खाल्ली तर दिवसभराची मात्रा एका दमात अंगात जाते. हे सांगणं तुमचं काम.

इनहेलर. औषध तेच असलं तरी यंत्र वेगळं. फवाऱ्याचा असेल तर श्वास सावकाश आणि खोल, पावडरचा असेल तर जोरात आणि खोल. यंत्र बदललं आणि तंत्र शिकवलं नाही तर औषध घशातच राहतं.

जैविक औषधं. इन्सुलिन किंवा अँटिबॉडीची इंजेक्शनं सजीव पेशींतून तयार होतात, त्यांच्या पर्यायांना बायोसिमिलर म्हणतात, जेनेरिक नव्हे. तिथे आपल्या मनाने बदल करायचा नाही.

आणि एक वेगळीच गोष्ट. स्वस्त म्हणून संशय घेऊ नका हे खरं, पण अनोळखी माणसाने, बिलाशिवाय, नेहमीपेक्षा फारच कमी दरात आणून दिलेला माल जेनेरिक आहे म्हणून स्वस्त नसतो. बॅच नंबर बिलाशी जुळवा. छपाई, सील, वास, काहीही खटकलं तर तो खोका बाजूला.

५. रॅकवरून काढताना तीन वेळा वाचा

उचलताना, मोजताना, देताना. तीन वेळा, चिठ्ठी समोर ठेवून. तिसऱ्या वेळी शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने वाचावं, कारण आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही.

सारख्या नावांची औषधं शेजारी ठेवू नका. हायड्रॅलाझिन-हायड्रॉक्सिझिन, क्लोरप्रोमाझिन-क्लोरप्रोपामाइड, क्लोनिडिन-क्लोनाझेपाम, प्रेडनिसोन-प्रेडनिसोलोन. नावातल्या गोंधळामुळे कंपन्यांनाही माघार घ्यावी लागली आहे: ओमेप्राझोलचं लोसेक आणि लघवीचं लॅसिक्स यांची गल्लत होऊ लागल्यावर अमेरिकेत लोसेकचं प्रायलोसेक झालं. रोमन लिपीत नावातला वेगळा भाग मोठ्या अक्षरात छापण्याची युक्ती आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही, म्हणून मी वेगळा भाग अधोरेखित करते किंवा ड्रॉवरवर रंगीत पट्टी चिकटवते.

जेनेरिकांच्या बाबतीत आणखी एक गंमत होते: एकाच कंपनीच्या सगळ्या औषधांचे खोके जुळ्या भावांसारखे दिसतात. कंपनीप्रमाणे रॅक लावलात तर चूक ठरलेलीच. मूळ नावाप्रमाणे लावा, आणि एकाच औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांमध्ये आडवी फळी ठेवा.

६. मोजणं, कापणं, लेबल

स्ट्रिप कापायची वेळ आलीच तर एक्सपायरी आणि बॅच छापलेला भाग पेशंटकडे जाणाऱ्या तुकड्यावर राहत नाही, किंवा तुमच्याकडच्या तुकड्यावर राहत नाही. दोन्हीकडे राहणं अशक्य. म्हणून एका तुकड्यासाठी ते हाताने लिहावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण बिननावाची अर्धी स्ट्रिप रॅकमध्ये पडली की तिचा पुढचा प्रवास कोणालाच सांगता येत नाही.

लेबलवर पेशंटचं नाव, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, किती, कधी, किती दिवस. "१/२ गोळी" लिहू नका, लोक ते "एक-दोन गोळ्या" असं वाचतात. "अर्धी गोळी" लिहा. "१-०-१" तुम्हाला कळतं, त्यांना कळेलच असं नाही. "सकाळी एक, रात्री एक" लिहायला फार शाई लागत नाही.

लहान मुलांची पातळ औषधं इथलं सगळ्यात नाजूक काम. मात्रा वजनावर ठरते, आणि एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेत येतात. पॅरासिटामॉल ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. कंपनी बदलली की तीव्रताही बदलली का ते बघा, नाहीतर "एक चमचा" तोच राहतो आणि औषध दुप्पट होतं. मिलिग्रॅमचं मिलीत रूपांतर कागदावर करा, तोंडी नाही. घरातला चमचा माप नव्हे. सिरिंज द्या आणि खूण करून दाखवा.

कोरडी पावडर असलेली अँटिबायोटिक्स पाणी घालून देत असाल तर आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा, पाणी दोन टप्प्यांत खुणेपर्यंत, आणि बाटलीवर मिसळल्याची तारीख. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड मिसळल्यावर साधारण ७ दिवस, तेही फ्रिजमध्ये. उरलेलं पुढच्या आजारासाठी नाही.

७. हातात देताना

सगळी तयारी इथे येऊन फळते किंवा फुकट जाते.

"समजलं ना?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर ही कशी घेणार ते मला सांगा बरं." मग जे ऐकू येतं त्यातून चुका बाहेर येतात. मी स्वतः क्रम असा ठेवते: डॉक्टरांनी हे कशासाठी सांगितलं आहे, ही कशी घ्यायची, आणि काय झालं तर लगेच कळवायचं.

कंपनी बदलली असेल तर जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी धरून मूळ नावावर बोट ठेवा. "हे नाव बघा, दोन्हींवर तेच आहे. या दोन्हींपैकी एका वेळी एकच." मूळ नाव पेनाने अधोरेखित करून द्या. वाचता येत नसेल तर जुन्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा नव्या पाकिटाला स्टेपल करा.

घरी आणखी काय चालू आहे ते विचारा, आणि "औषध" या शब्दाने नाही, कारण सर्दीची गोळी, डोकेदुखीची गोळी हे अनेकांच्या हिशेबात औषधच नसतं. पॅरासिटामॉल अशा मिश्रणांत लपलेलं असतं. निरोगी मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि यकृताचा त्रास किंवा वजन फार कमी असेल तर ती आणखी खाली येते. तीन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून ती कधी ओलांडली जाते हे घेणाऱ्याला कळतही नाही.

आणि "स्वस्तातली दिली का?" हा प्रश्न येणार. रागावू नका. "औषध तेच आहे, नाव आणि खोका वेगळा" एवढं शांतपणे सांगा. त्यांना तरी मूळ ब्रँडच हवा असेल तर द्या. विश्वास नसलेली गोळी डब्यातच पडून राहते.

८. साठवण, थोडक्यात

जिची मुदत आधी संपणार ती पुढे ठेवा, आधी आलेली नव्हे. एक्सपायरीवर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. फ्रिज २ ते ८ अंश, दिवसातून दोनदा नोंद, दारात काही ठेवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी टाकून द्यायचं.

९. चूक झाली तर

होईल. वीस वर्षं काम केलेल्यांकडूनही होते.

पहिला फोन पेशंटला: "ती गोळी घेऊ नका. घेतली असेल तर किती आणि कधी?" दुसरा डॉक्टरांना. दिलेलं औषध परत मागवून वेगळं ठेवा, फेकू नका. माफी स्पष्ट शब्दांत मागा. लपवलेली चूक दोन दिवसांनी दुप्पट मोठी होऊन परत येते, हे मी बघितलं आहे.

आता ती वही. त्यात झालेल्या चुकांइतक्याच होता होता राहिलेल्याही लिहायच्या: तारीख, वेळ, कोणतं औषध, कशामुळे, कोणी पकडलं. नाव लिहायचं नाही, म्हणजे लोक लिहितात. आमच्या वहीत थोड्याच दिवसांत दिसलं की बहुतेक नोंदी एकाच प्रकारच्या आहेत, मोजणी चालू असताना फोन वाजला आणि मोजणारा उठला. मग आम्ही मोजायचा ट्रे फोनपासून लांब, आतल्या टेबलावर नेला, आणि ट्रेसमोर जो असेल त्याच्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरवलं. सुरुवातीला सगळ्यांना ते उर्मटपणाचं वाटलं. नवीन आलेल्या मुलाने तर विचारलंच, "मग मला काही अडलं तर?" त्याला सांगितलं, आधी मोजलेल्या गोळ्या ट्रेत परत ओत, मग बोल, आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून मोज.